शून्य रुपयाचं तिकीट

सकाळचे पावणेसात, तालुक्याचं स्टँड. गाडी अजून फलाटाला नीट लागलीपण नाही आणि खिडकीतून रुमाल, पिशवी, एकाची तर चक्क टोपी आत जाऊन पडली. झाली सीट बुक!

आता कंडक्टरच्या हाताकडे बघा. पूर्वी या हातात तिकिटांचा पत्र्याचा ट्रे असायचा आणि टिकटिक वाजणारा पंच, आता मशीन आलंय. फुल, हाफ, हाफ, परत हाफ... 17 मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट, त्यामुळे ही पट्टी अशी निघते. आणि हे आजोबा, आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर रबर लावून आणलंय, पंचाहत्तरी ओलांडलीय म्हणून ऑगस्ट 2022 पासून त्यांना प्रवास फुकट. पण तिकीट मात्र मिळतं बरं का, त्यावर रक्कम शून्य. आजोबा विचारतात, पैसे नाहीत तर कागद कशाला? अहो, या कागदाशिवाय तुम्ही गाडीत बसलात हे कुणाला कळणारच नाही, आणि सरकारकडून सवलतीचे पैसे एसटीला मिळायचे ते याच हिशोबावर.

शेजारच्या सीटवर मांडीवरचं पोरगं मात्र पाच वर्षांच्या आतलं, त्याला तिकीटच नाही, म्हणजे आकड्यात ते नाहीच.

1 जून 1948 ला नगरहून पुण्याला पहिली एसटी सुटली, ड्रायव्हर किसन राऊत, कंडक्टर लक्ष्मण केवटे. त्या दिवशी मोजून मोजून किती माणसं मोजायची होती! आज कंडक्टर डेपोत येतो, कॅश भरतो, मशीन जमा करतो, आणि असं गावोगावचं एकेक तिकीट जोडत राज्यात दिवसाला 50 लाखांच्या वर माणसं होतात. कोरोनाआधी 60 लाखांच्या पुढे होती, गाड्याही 18 हजारांच्या घरात, मग कोरोना, मग संप, आता तेवढ्या गाड्या राहिल्या नाहीत.

दोरी ओढली, डबल बेल, चला.

हा पुढचा फाटा. निवाऱ्याचा अर्धा पत्रा उडालाय. चार बायका, दोन पोरं, दुधाचा एक कॅन. मशीन चढलेली माणसं मोजतं, ही अजून चढलेली नाहीत, सकाळपासून इथेच आहेत. ऊन सरकलं तसा त्यांनी कॅनही सावलीत सरकवला.