युरियाच्या एका गोणीला वीज किती?

मित्रहो, सौर विजेवर पाण्यापासून हायड्रोजन काढायचा म्हटलं की नाशकात पहिला प्रश्न ठरलेला: पाणी कुठून आणणार? गंगापूर धरणाचं पाणी जायकवाडीला सोडायची वेळ आली की इथे काय होतं ते आपण पाहतो, त्यामुळे प्रश्न रास्तच आहे. पण हिशेब करा. १ किलो हायड्रोजनमागे ९ लिटर पाणी फुटतं. शुद्धीकरणात आणि यंत्र थंड ठेवण्यात जाणारं धरलं तरी वीस-तीस लिटर. खरी टंचाई आहे ती विजेची.

पाणी म्हणजे जळून गेलेल्या हायड्रोजनची राख. जळताना जेवढी ऊर्जा बाहेर पडली, तेवढी परत घातल्याशिवाय हायड्रोजन सुटत नाही. किलोमागे किमान ३९ युनिट, आणि प्रत्यक्षात ५० ते ५५. कोणी ‘पाण्यावर चालणारी गाडी’ विकायला आला तर त्याला एवढंच विचारा, की वीज कुठून आणलीस?

१८०० साली निकल्सन आणि कार्लाइल यांनी व्होल्टाच्या बॅटरीने पाणी फोडलं. तत्त्व आजही तेच आहे. ऋण टोकाला हायड्रोजन, धन टोकाला ऑक्सिजन. (शिक्षकांना विनंती, वर्गात हा प्रयोग करताना पाण्यात मीठ घालू नका, विषारी क्लोरीन निघतो. धुण्याचा सोडा घाला.)

मग पॅनलची वायर थेट यंत्राला जोडली की झालं? नाही, आणि हे नीट समजून घ्यायला हवं. दोन्ही वायूंच्या मध्ये फक्त एक पातळ पडदा असतो आणि त्यातून थोडा हायड्रोजन सतत पलीकडे झिरपतो. ऊन कडक असतं तेव्हा भरपूर ऑक्सिजन तयार होतो, त्यात ही गळती नगण्य ठरते. ढग आले की ऑक्सिजन कमी होतो, गळती मात्र फारशी घटत नाही. ऑक्सिजनमध्ये हायड्रोजन ४ टक्क्यांच्या आसपास गेला की मिश्रण स्फोटक होतं, म्हणून त्याच्या बऱ्याच आधी यंत्र बंद करावं लागतं. आपल्या पावसाळ्यात हे रोजचंच होईल. शिवाय रात्रभर महागडं यंत्र नुसतं पडून. सौर हायड्रोजन महाग पडतो त्याचं एक मोठं कारण हे आहे. ऊन फुकट असलं तरी यंत्राचं व्याज फुकट नाही.

इतक्या कष्टाचा वायू छोट्या गाडीत जाळावा, हे मला पटत नाही. ५५ युनिटांत विजेची कार तीनशे किलोमीटरच्या पुढे जाते. त्याच विजेच्या हायड्रोजनवर गाडी जेमतेम शंभर-सव्वाशे जाईल.

तो लागतो खताला. युरिया अमोनियापासून बनतो, आणि युरियाच्या ४५ किलोच्या गोणीमागच्या अमोनियात साधारण साडेचार किलो हायड्रोजन असतो. आज तो मुख्यतः नैसर्गिक वायूपासून येतो, आणि त्या वायूचा मोठा भाग आपण आयात करतो. तोच उन्हातून काढायचा तर गोणीमागे अडीचशे युनिट, म्हणजे छतावरच्या ३ किलोवॉट पॅनलची सुमारे तीन आठवड्यांची वीज. आणि फुटणारं पाणी? चाळीस लिटर. २०२३ साली केंद्राने हरित हायड्रोजन मोहिमेसाठी १९,७४४ कोटी रुपये मंजूर केले, त्यातला पैसा आधी इथे लागावा असं मला मनापासून वाटतं.

एक गाठ राहते. युरियाला कार्बन डायऑक्साइडही लागतो, आणि तो आज त्याच नैसर्गिक वायूच्या प्रक्रियेतून मिळतो. पाण्यातून तो येणार नाही. म्हणून सुरुवात अमोनियम सल्फेट, डीएपी यांसारख्या खतांपासून करावी. त्यांतल्या नायट्रोजनसाठी अमोनिया पुरतो, कार्बन डायऑक्साइड लागत नाही.