ताटाशेजारची गोळी

बडोद्यातील दांडिया बाजारातल्या या स्वयंपाकघरात वरणाला नुकतीच फोडणी पडली आहे, पोळी तव्यावर टम्म फुगली आहे आणि काकूंच्या ताटाशेजारी सेवेलामरची गोळी काढून ठेवली आहे. काकूंचे डायलिसिस आठवड्यातून तीनदा होते. परंतु डाळ, दूध, दही यांतून रोज शरीरात जाणारे फॉस्फेट यंत्राला पुरतेपणी काढता येत नाही, म्हणून ही गोळी, जिला रुग्ण नुसते ‘बाइंडर’ म्हणतात, जेवणाबरोबर घ्यावी लागते.

पेल्यातल्या पाण्यात टाकलेली गोळी पाहा. पाणी शोषून ती फुगू लागते. ती चावू नये, अख्खी गिळावी, असे सांगतात ते यासाठीच. सेवेलामर रक्तात शिरतच नाही. ते आतड्यात राहून अन्नातले फॉस्फेट धरते आणि शौचावाटे बाहेर नेते. मात्र त्याची पकड फॉस्फेटपुरती नसते. पित्तातली चरबी पचवायला लागणारी पित्ताम्लेही त्याला चिकटतात आणि अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे शोषली जाण्यासाठी तर पित्ताम्लेच लागतात, त्यामुळे त्यांचे शोषण घटू शकते. फोलिक आम्लाचेही तसेच.

आता काकूंचा औषधांचा डबा. थायरॉईडची गोळी त्या पहाटे उपाशीपोटी घेतात आणि तासाभरात न्याहारीबरोबर बाइंडर घेतात. वास्तविक या दोहोंत किमान चार तासांचे अंतर हवे, मग बाइंडर सेवेलामर असो वा कॅल्शियमचा. कॅल्शियमचे बाइंडर लोहाच्या गोळ्या आणि टेट्रासायक्लिन हे जंतुसंसर्गावरचे औषधही अडवतात. सिप्रोफ्लॉक्सासिन हे जंतुसंसर्गावरचेच दुसरे औषध सेवेलामरबरोबर घेतल्यास एरवीच्या सुमारे निम्मेच रक्तात पोहोचते, म्हणून ते बाइंडरच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यायचे असते.

मूत्रपिंडाचे डॉक्टर वेगळे, थायरॉईडचे वेगळे, आणि दोघांच्या चिठ्ठ्या एकाच डब्यात येऊन पडतात. बाइंडरच्या पाकिटावर ‘जेवणाबरोबर’ एवढेच लिहिलेले असते. ते वाचून सगळ्या गोळ्या एकदम घेणाऱ्या रुग्णाला बोल लावणे अन्यायाचे आहे. प्रत्येक गोळीची वेळ, आणि कोणती गोळी कोणत्या गोळीपासून दूर ठेवायची हे, चिठ्ठीवरच लिहून मिळाले पाहिजे.

अंतर न राखल्यास थायरॉईडचा आजार पुन्हा डोके वर काढतो, जंतुसंसर्ग आटोक्यात येत नाही, के जीवनसत्त्व फार कमी झाल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. बाइंडर मनाने बंद करणे हा यावरचा उपाय नव्हे. बाइंडर सुरू होताना डॉक्टरांना डब्यातली प्रत्येक गोळी दाखवावी आणि थायरॉईडच्या रुग्णांनी टीएसएचची (थायरॉईडचे काम नीट चालले आहे का, हे दाखवणारी) रक्ततपासणी पुन्हा केव्हा करायची, हे त्याच वेळी विचारून घ्यावे.