फर्नांदुचा तो फर्नांडिस

बाजीराव बल्लाळ. यातलं ‘बल्लाळ’ काय आहे? आडनाव नव्हे. आडनाव भट. बल्लाळ म्हणजे बाळाजी, बाजीरावांचे वडील. आता ओळीने म्हणून बघा: बाळाजी विश्वनाथ, त्यांचे बाजीराव बल्लाळ, त्यांचे बाळाजी बाजीराव, त्यांचे माधवराव बल्लाळ. मागचा शब्द दर पिढीला बदलतो. आणि आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत, म्हणून बाळाजी फिरून येतो.

आता इथून दहाव्या शतकातल्या स्पेनमध्ये चला. कास्तील नावाचा प्रांत. तिथला सरदार गोन्सालो फर्नांदेस. त्याचा मुलगा फर्नान गोन्सालेस, कास्तीलला लेओनच्या राजापासून जवळजवळ स्वतंत्र करणारा मोठा पुरुष. ९७० साली वारला. त्याच्या जागी आला त्याचा मुलगा गार्सिया फर्नांदेस. ही वंशावळ मी पहिल्यांदा वाचली आणि पुस्तक खाली ठेवलं. ही तर आपल्या पेशव्यांचीच चाल! गोन्सालो हा फर्नांदोचा मुलगा, म्हणून फर्नांदेस. फर्नान हा गोन्सालोचा, म्हणून गोन्सालेस. फर्नान म्हणजे फर्नांदोच, म्हणून त्याचा गार्सिया पुन्हा फर्नांदेस. शेवटचा तो ‘एस’ म्हणजे ‘चा’. कोकणीत ‘चो’ लावतो तसा. महाराजांच्या राजमुद्रेवर ‘शाहसूनोः शिवस्य’ आहे, शहाजीपुत्र शिवाजीची. त्यातला ‘सूनु’ जे काम करतो, तेच काम हा एवढासा प्रत्यय करतो.

मग हा मूळचा फर्नांदो कुठला? तो स्पेनचाही नाही. पाचव्या शतकात उत्तरेकडून व्हिसिगॉथ लोक तिकडे उतरले आणि ७११ पर्यंत राज्य करून राहिले. त्यांची भाषा विरली, नावं मात्र मागे राहिली. फर्नांदो त्यांतलंच. उत्तरार्धाचा अर्थ धाडसी. पूर्वार्ध कुणी ‘प्रवास’ असा लावतात, कुणी ‘शांती’ असा. मला प्रवासाचा अर्थ आवडतो, कारण या नावाने जेवढा प्रवास केला तेवढा थोड्याच नावांनी केला असेल. स्पेनमध्ये पुढे ‘फ’चा ‘ह’ झाला, मग तोही बोलण्यातून गळाला. तिथे हेच आडनाव एर्नांदेस म्हणूनही नांदतं. पोर्तुगालमध्ये ‘फ’ टिकला आणि शेवट ‘इश’ असा उच्चारू लागले: फर्नांदिश.

आणि मग कधीतरी ही साखळी थांबली. एका दिवसात नाही, हळूहळू. जमिनीचे दस्त, वारसा, दप्तरं यांना दर पिढीला बदलणारं नाव सोयीचं नसतं. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने बाप्तिस्मा आणि लग्नाच्या नोंदी ठेवणं चर्चला बंधनकारक केलं. बापाचं नाव गोठलं आणि त्याचं आडनाव झालं. रॉड्रिगोचे रॉड्रिग्ज, लोपोचे लोपीस, आल्वारोचे अल्वारिस, नुनोचे नुनीस, गोन्सालोचे गोन्साल्विस. (परेरा यात येत नाही, ते नासपतीच्या झाडावरून आलंय, सगळी पोर्तुगीज आडनावं एका टोपलीत टाकू नका.)

गोठत चाललेलं हे नाव घेऊन पोर्तुगीज आपल्या किनाऱ्यावर आले. १५१० मध्ये गोवा, १५३४ च्या तहाने वसई. इथे मात्र या नावाचं वेगळंच झालं. बाप्तिस्म्याच्या वेळी नवं नाव मिळे आणि आडनाव बहुधा धर्मपित्याचं, म्हणजे बाप्तिस्म्याला बापाच्या जागी उभं राहणाऱ्याचं लागे. तो कुणी शिपाई असेल, अधिकारी असेल. म्हणजे ज्याच्या सात पिढ्यांत कुणी फर्नांदो नव्हता, तो ‘फर्नांदोचा’ झाला. एकाच घरातल्या दोन भावांना दोन आडनावं लागू शकत. गोव्याच्या कित्येक ख्रिस्ती घरांत आपलं जुनं आडनाव अजून आठवणीत आहे, प्रभू, नायक, कामत. लग्न जुळवताना ते हळूच विचारलं जातं.

यावरून काही लोक म्हणतात, ही आडनावं उसनी, परकी. मला हे अजिबात पटत नाही. सत्तेच्या दडपणाखाली झालेली धर्मांतरं, १५६० पासूनचं गोव्यातलं इन्क्विझिशन हे धर्मन्यायालय, हा इतिहास झाकायचं कारण नाही. पण एखादं नाव साडेचारशे वर्षं एका घरात भात लावतं, मासे मारतं, पोरं वाढवतं, ते त्या घराचंच होतं. मंगळूरला जन्मलेल्या आणि १९६७ मध्ये दक्षिण मुंबईत काँग्रेसच्या स. का. पाटलांना हरवणाऱ्या जॉर्ज फर्नांडिसांना इथल्या कामगारांनी परका मानलं का? त्यांच्या आईने त्यांना नाव ठेवलं इंग्लंडच्या राजाचं, आडनाव आलं गॉथांकडून, आणि घोषणा मराठीत घुमल्या.

पुन्हा वसईकडे येतो. मे १७३९ मध्ये किल्ला पडला. घेणाऱ्याचं नाव चिमाजी बल्लाळ, आपले चिमाजी अप्पा. वडलांचं नाव अजून जिवंत असलेला एक माणूस आणि वडलांचं नाव गोठून आडनाव झालेली माणसं तिथे समोरासमोर उभी होती. किल्ल्यातला फर्नांदिश जहाजात बसून निघून गेला. गावातला फर्नांडिस राहिला.

तो अजून आहे. शाळेच्या अर्जात आपल्याकडे तीन रकाने असतात: स्वतःचं नाव, वडलांचं नाव, आडनाव. वसईचा मुलगा दुसऱ्या रकान्यात लिहितो अँथनी. ते त्याचे वडील, संध्याकाळी पावणेसातच्या लोकलने घरी येणारे. तिसऱ्या रकान्यातही तो वडलांचंच नाव लिहितो, फक्त ते वडील पोर्तुगालातल्या कुठल्याशा गावचे, शेकडो वर्षांपूर्वीचे, आणि दुसऱ्याच कुणाचे.