आरोग्याचा निधी: वाढला म्हणायचा की घटला?

नमस्कार श्रोतेहो.

अर्थसंकल्प मांडला गेला की दुसऱ्या दिवशी ठरलेलं भांडण सुरू होतं. मंत्री सांगतात, आरोग्यावरची तरतूद आम्ही वाढवली. विरोधक म्हणतात, साफ कापली. ऐकणाऱ्याला वाटतं, यातलं कुणीतरी एक खोटं बोलतंय. पुष्कळदा मात्र दोघांचेही आकडे खरे असतात.

समजा, गेल्या वर्षी १०० दिले आणि यंदा १०४. कागदावर वाढ झालीच. पण औषधं, यंत्रं, पगार मिळून खर्च सात टक्क्यांनी चढला असेल, तर तेवढंच काम करायला यंदा १०७ लागतात. वर माणसं वाढली, त्यातही म्हातारी माणसं जास्त वाढली. तरतूद वाढली आणि उपचार घटले, असं एकाच वर्षात होतं ते यामुळे. शिवाय मांडलेली तरतूद वेगळी आणि झालेला खर्च वेगळा. तो हिशेब हाती येईपर्यंत पुढच्या अर्थसंकल्पाची चर्चा लागलेली असते.

कपात म्हणजे काय, हे मला कळलं ते दवाखान्याच्या खिडकीपाशी. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या आधी महिन्याच्या मिळायच्या. मग पंधरा दिवसांच्या मिळू लागल्या, मग आठवड्याच्या. आत दोन परिचारिका होत्या. एक निवृत्त झाल्या, त्यांची जागा भरलीच नाही. उरलेल्या बाई गोळ्यांची पट्टी कात्रीने कापून सात-सात गोळ्या हातावर ठेवायच्या. औषध बंद केलंय असं कुणीच म्हटलं नव्हतं, मग तक्रार तरी कशाची करायची? रिकामी ठेवलेली जागा ही सगळ्यात गुपचूप होणारी कपात. तिच्यावर सभागृहात मतदान होत नाही.

खर्चाला हातच लावू नये, असं माझं म्हणणं नाही. २०१० पासून ग्रीसला कर्ज देणाऱ्यांनी अट घातली की सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्क्यांच्या आत ठेवा. तिथे औषधांवर खरोखरच उधळपट्टी चालली होती. २००९ मध्ये सुमारे पाच अब्ज युरो असलेला सरकारचा औषधखर्च पाच वर्षांत दोन अब्जांच्या आसपास आला. त्यातली बरीचशी कात्री मला रास्त वाटते. पण त्याच काळात अथेन्समध्ये सुईने नशा करणाऱ्यांत एचआयव्ही पसरला. देशात या गटात वर्षाला दहा-पंधरा नव्या नोंदी व्हायच्या. २०११ मध्ये त्या अडीचशेच्या वर गेल्या. कपात हे एकमेव कारण नव्हतं. तरी स्वच्छ सुया वाटण्याचं काम मुळातच तोकडं होतं, आणि ते वाढवायच्या वेळी पैसा आटला होता. सुई स्वस्त असते. एचआयव्हीची औषधं जन्मभर घ्यावी लागतात.

म्हणून पुढच्या वेळी कुणी आकडा फेकला की विचारा: महागाई वजा जाता किती? खर्च किती झाला? किती जागा रिकाम्या आहेत?

हे भांडण जुनं आहे. ब्रिटनमध्ये १९४८ साली सर्वांसाठी मोफत आरोग्यसेवा सुरू झाली. १९५१ मध्ये कोरियाच्या युद्धापायी शस्त्रांवरचा खर्च वाढला, तेव्हा अर्थमंत्री ह्यू गेट्स्केल यांनी कवळ्या आणि चष्म्यांची निम्मी किंमत लोकांकडून घ्यायचं ठरवलं. त्या वर्षी वाचणार होते १ कोटी ३० लाख पौंड. शस्त्रांच्या खर्चापुढे ही रक्कम किरकोळ होती. पण आज इथे हात घातला तर उद्या कुठे थांबणार, असं विचारत ही सेवा उभी करणारे अन्यूरिन बेव्हन मंत्रिमंडळातून बाहेर पडले. त्यांच्याबरोबर हॅरल्ड विल्सन यांनीही राजीनामा दिला.

पुढच्याच वर्षी, सरकार बदलल्यावर, औषधाच्या चिठ्ठीमागे एक शिलिंग शुल्क बसलं. पुढे पंतप्रधान झालेल्या विल्सन यांच्याच सरकारने ते १९६५ मध्ये काढलं, आणि १९६८ मध्ये त्यांच्याच सरकारने पुन्हा लावलं. वेल्सने २००७ मध्ये, उत्तर आयर्लंडने २०१० मध्ये आणि स्कॉटलंडने २०११ मध्ये चिठ्ठीवरचं शुल्क रद्द केलं. इंग्लंडमध्ये ते आजही आहे.

नमस्कार.