हत्यारांचं फिरतं कपाट

(पडद्यावर: चाळीतली खोली, पोटमाळ्याला लावलेली शिडी)

लालबागच्या चाळीतली ही खोली. दहा बाय सोळा, वर पोटमाळा. घरातली सगळी हत्यारं त्या पोटमाळ्यावर, गाद्यांच्या मागे. पाने आणि पकडी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत, कानशी नि पटाशा गोणपाटात गुंडाळलेल्या, ड्रिल मशीन अजून मूळ खोक्यात. आजोबांची उभी नोकरी रेल्वेच्या परळ वर्कशॉपमध्ये गेली, फिटर म्हणून. हत्यारावर त्यांचा जीव आहे. पण नळाचा वॉशर बदलायचा तर आधी शिडी लावा, गाद्या सरकवा, तीन डबे उपसा. मग काम उद्यावर जातं आणि शेवटी प्लंबरला फोन होतो.

त्यात मुंबईची हवा. एकट्या जुलैत इथे ८०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. बंद पोटमाळ्यावरची ओल काही केल्या हटत नाही, आणि गणपती येईपर्यंत रंध्याच्या पात्यावर तांबूस थर चढलेला असतो.

म्हणून आजोबा आणि त्यांची नात मिळून प्लायवूडचं, चाकांवर फिरणारं, ड्रॉवरवालं कपाट घरीच बांधताहेत. लोखंडी ट्रॉली बाजारात तयार मिळते, पण तिची मापं गॅरेजची. या कपाटाने दिवसा खिडकीखाली उभं राहायचंय, रात्री अंथरूण पडलं की दाराशी सरकायचंय, आणि काम निघालं की उंबरठा ओलांडून गॅलरीत जायचंय. असं माप आपलं आपणच काढावं लागतं.

(पडद्यावर: वर्तमानपत्रावर मांडलेली हत्यारं, मोजपट्टी)

बघा, प्लाय अजून घरात आलेलाच नाही. आधी सगळी हत्यारं जमिनीवर मांडली आहेत. रोजची एकीकडे, सणासुदीला निघणारी दुसरीकडे. प्रत्येक गटातलं सर्वांत उंच हत्यार मोजून त्यावरून ड्रॉवरची उंची ठरली. डिसमिस, पाने, कानशी आडव्या ठेवल्या की तीन इंची ड्रॉवर पुरतो, असे दोन वर. मग पाच इंची, मग सहा, आणि तळाला दहा इंची. तिथे ड्रिल मशीन, मोठा हातोडा, खिळ्यांचे डबे. जड सामान खाली ठेवण्याला कारण आहे. वरचा भरलेला ड्रॉवर पुढे ओढला की कपाट पुढे झुकू पाहतं. तळातलं वजन त्याला धरून ठेवतं. तरीही दोन जड ड्रॉवर एकदम उघडायचे नाहीत, हे घरातल्या लहानांनाही सांगून ठेवावं.

कपाटाची रुंदी २४ इंच, खोली १८, चाकांसकट उंची ३४. म्हणजे वरची फळी साधारण ओट्याच्या उंचीला येते आणि उभ्याने काम करताना पाठ मोडत नाही.

आता प्लाय. आठ बाय चारचा, १८ मिलिमीटर जाडीचा एक ताव ३५ किलोच्या आसपास भरतो. चाळीच्या वळणाच्या जिन्यातून तो वर चढवणं म्हणजे भिंतींचा रंग आणि शेजाऱ्यांची माया दोन्ही घालवणं. तेव्हा मापांचा कागद घेऊन दुकानात जा आणि तिथेच तुकडे कापून घ्या. दुकानदार एमआर (दमट हवा सोसणारा), बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणारा) आणि मरीन असे तीन प्रकार दाखवेल. मरीन म्हणजे आयएस ७१० या भारतीय मानकाचा. ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवला तरी त्याचे थर सुटू नयेत अशी त्याची कसोटी असते. खोलीतल्या कपाटाला तेवढं लागत नाही. पण एमआर घेऊन पैसे वाचवू नका. मुंबईत बीडब्ल्यूआर घ्या, आणि आयएसआयचा शिक्का स्वतः वाचा. बाजूंना आणि दर्शनी फळ्यांना १८, ड्रॉवरच्या पेट्यांना १२, पाठीला आणि ड्रॉवरच्या तळाला ६ मिलिमीटर.

(पडद्यावर: कागद, पेन्सिल, नातीचा हात)

हा संवाद नीट ऐका. त्यातला चॅनेल म्हणजे ड्रॉवर ज्यावर आत-बाहेर सरकतो ती बाजूची पट्टी.

“आजोबा, कपाट चोवीस इंचांचं. चॅनेलला दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच सोडला, तर ड्रॉवर तेवीसचा ना?”

“आणि प्लायची जाडी कुठे गेली, बाळा?”

सगळं गणित इथेच आहे. २४ इंच म्हणजे ६१० मिलिमीटर. दोन बाजूंच्या फळ्यांचे ३६ गेले, आतली पोकळी उरली ५७४. टेलिस्कोपिक चॅनेलला प्रत्येक बाजूला अर्धा इंच, म्हणजे पावणेतेरा मिलिमीटरच्या जवळपास. दोन्हीकडचे मिळून २६ वजा केले की ड्रॉवरची पेटी ५४८ ची. दोन मिलिमीटर जास्त झाले तर ड्रॉवर अडकतो, दोन कमी झाले तर चॅनेल ताणला जातो आणि त्याच्या आतल्या छर्‍यांसारख्या गोळ्या खरखरतात. शिवाय १८ म्हणून घेतलेला प्लाय पुष्कळदा साडेसतराच भरतो. म्हणून चौकट उभी करा, आतली पोकळी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा, आणि मगच ड्रॉवर कापा. दुकानात सगळे तुकडे एकदम कापून घ्यायचा मोह होतो. १२ मिलिमीटरच्या पट्ट्या उंचीला कापून घ्या, लांबी मात्र घरी.

(पडद्यावर: गॅलरीत चौकटीची जुळणी)

तळाची फळी बाजूंच्या मधे बसवलेली नाही. बाजू तिच्यावर उभ्या आहेत. त्यामुळे भार लाकडावरून लाकडावर उतरतो, स्क्रूवर लोंबकळत नाही. प्लायच्या कडेत स्क्रू थेट घुसवला की थर फाकतात, म्हणून आधी बारीक ड्रिलने भोक, मग फेविकॉल, मग स्क्रू. गोंद ओला असतानाच एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत मापायचं, मग दुसरा कर्ण. दोन्ही सारखे आले तर चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात. इथे दुसरा कर्ण दोन सूत, म्हणजे पाव इंच, जास्त आला. आजोबांनी लांब कर्णाच्या टोकाला तळव्याने दाब दिला, पुन्हा मापलं, आणि माप जुळताच सहा मिलिमीटरची पाठ ठोकून टाकली. ती पातळ पाठ बसली की चौकट डुलायची थांबते.

(पडद्यावर: नागदेवी स्ट्रीट, चाकांचं दुकान)

चाकांसाठी नागदेवी स्ट्रीट. हार्डवेअरच्या या गल्लीत चाकांचे इतके प्रकार दिसतात की मापं लिहून न नेलेला माणूस गोंधळून जातो. आपलं कपाट ३० किलोचं, हत्यारं ६० धरू, एकूण ९०. चारने भागलं तर एका चाकावर साडेबावीस. पण चाळीतली शहाबादी फरशी कुठे सपाट असते? खालीवर जमिनीवर एक चाक अधांतरी राहतं आणि भार तिघांवर येतो. तेव्हा तीनने भागा, ३० येतात, आणि ४० किलो किंवा त्याहून जास्त पेलणारं चाक घ्या. चार इंची, रबरी पाट्याचं. दोन इंची स्वस्त पडतं, पण उंबरठ्याशी अडतं. चारही फिरती असू द्या, म्हणजे चिंचोळ्या जागेत कपाट आडवंही सरकतं, आणि पुढच्या दोघांना ब्रेक हवाच. बसवताना आरपार नटबोल्ट आणि रुंद वॉशर. नुसत्या स्क्रूवर लावलेलं चाक उंबरठ्याच्या धक्क्यांनी ढिलं होतं.

पॉलिशबद्दल एकच आग्रह. पृष्ठभागावर एक हात कमी दिलात तरी चालेल, पण कापलेल्या कडांवर, पाठीमागच्या आणि तळाच्यासुद्धा, दोन-तीन हात द्या. प्लायमध्ये पाणी शिरतं ते कडेतून.

(पडद्यावर: भरलेले ड्रॉवर, गॅलरीत उभं कपाट)

आता नळ गळला की नात कपाट गॅलरीत ओढते, ब्रेक दाबते आणि दुसरा ड्रॉवर उघडते. शिडीचं काम उरलेलं नाही. खंडेनवमीला हत्यारं पुजताना आजोबांनी रंध्याचं पातं बोटाने तपासून पाहिलं. ते स्वच्छ होतं.

पावसाळ्यापूर्वी लोखंडी हत्यारांवरून मशीन ऑइलचं फडकं फिरवायचं. चाकांत केस आणि दोरे गुंततात, ते पकडीने ओढून काढायचे. आणि पहिल्या महिन्यानंतर चाकांचे नटबोल्ट एकदा पुन्हा आवळायचे, कारण नवा प्लाय वॉशरखाली थोडा दबतो.