लिंगाच्या रकान्यात प्रश्नचिन्ह

मे २००९मध्ये नैरोबीच्या केन्याटा राष्ट्रीय रुग्णालयात एक बाळ जन्माला आलं. तपासण्यांसाठी रुग्णालयानं कागद भरले. त्यांत लिंगाच्या रकान्यात ‘मुलगा’ नव्हतं आणि ‘मुलगी’ही नव्हतं. तिथे नुसतं प्रश्नचिन्ह काढलेलं होतं. ठरीव दोन खणांपैकी कुठल्याच खणात ते शरीर बसत नव्हतं. कागद भरणाऱ्यानं कदाचित प्रामाणिकपणेच ती खूण केली असेल, पण पुढे त्या आईनं काय करायचं? जन्मदाखल्याला लिंग लागतं, शाळेला जन्मदाखला लागतो आणि अठराव्या वर्षी ओळखपत्र काढायला गेलं की पुन्हा पहिल्यापासून सगळे कागद लागतात.

आज मी आफ्रिकेतल्या ज्या छोट्या संस्थांविषयी बोलणार आहे, त्यांचं बरंचसं आयुष्य अशा रकान्यांशी भांडण्यात गेलं आहे. मोर्चे, घोषणा, झेंडे आपल्याला वर्तमानपत्रांतल्या फोटोंत दिसतात. खरं काम मात्र कारकुनाच्या टेबलासमोर, कोर्टाच्या तारखांना आणि सुईणीच्या ओसरीवर झालेलं आहे. ते काम आपण नीट समजून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

सुरुवातीला एक फरक स्पष्ट करतो, नाहीतर पुढचं सगळं एकमेकांत मिसळून जाईल. इंटरसेक्स म्हणजे जन्मतःच ज्यांची जननेंद्रियं, संप्रेरकं किंवा गुणसूत्रं स्त्री वा पुरुष या ठरावीक रचनेत पूर्ण बसत नाहीत अशी माणसं. ट्रान्सजेंडर म्हणजे जन्माच्या वेळी नोंदवलेलं लिंग ज्यांना आपलं वाटत नाही अशी माणसं. दोघांनाही कागद छळतो, पण डॉक्टरांशी दोघांचं भांडण अगदी उलटं आहे. ट्रान्स माणूस मोठेपणी, शुद्धीत, स्वतःहून उपचार मागतो आणि त्याला ते मिळत नाहीत. इंटरसेक्स बाळ काहीच मागत नाही आणि त्याला उचलून शस्त्रक्रियेच्या टेबलावर ठेवलं जातं. एकाला हवं ते नाकारायचं, दुसऱ्यावर नको ते लादायचं. म्हणून या दोन चळवळी एकत्र चालतात आणि तरीही इंटरसेक्स कार्यकर्ते पुन्हा पुन्हा सांगतात की आमचं वेगळं मोजा, आम्हाला फक्त ‘एलजीबीटीआय’ या यादीतलं शेवटचं अक्षर करू नका. त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं.

आता केनियाकडे वळू. त्या बाळाच्या आईच्या पाठीशी ‘द क्रेडल’ ही मुलांच्या हक्कांसाठी काम करणारी संस्था उभी राहिली. वकील होते जॉन चिगिती. न्यायालयीन कागदपत्रांत बाळाचं नाव ‘बेबी ए’ एवढंच आहे. ५ डिसेंबर २०१४ रोजी न्यायमूर्ती आयझॅक लेनाओला यांनी निकाल दिला. आईच्या सगळ्या मागण्या मान्य झाल्या नाहीत. पण इंटरसेक्स मुलांची माहिती कोणतं खातं गोळा करणार आणि अशा मुलांवरच्या शस्त्रक्रियांसाठी नियम काय असणार, हे ९० दिवसांत कळवा, असा आदेश सरकारला मिळाला. तोवर या मुलांची जबाबदारी सरकारातल्या कुणाचीच नव्हती. ती कुणाची तरी आहे, असं पहिल्यांदा कागदावर आलं.

याच्या चार वर्षं आधीचा एक खटला आहे, तोही सांगायला हवा. त्यातला अर्जदार जबरी चोरीच्या गुन्ह्यात फाशीची शिक्षा झालेला, कामिती तुरुंगातला कैदी. इंटरसेक्स. निकालपत्रात त्याचा उल्लेख ‘आर. एम.’ असा आहे. लहानपणी जन्मदाखला मिळाला नाही, शाळा तिसरीतच सुटली. तुरुंगात पुरुष कैद्यांबरोबर ठेवलेलं. झडतीच्या नावाखाली इतरांदेखत कपडे उतरवायला लावायचे आणि त्याचं शरीर बघण्याची वस्तू व्हायची. डिसेंबर २०१०मध्ये कोर्टानं ही वागणूक अमानुष ठरवली आणि पाच लाख शिलिंग भरपाई दिली. मात्र कायद्यात स्त्री-पुरुषांखेरीज तिसरा वर्ग मानायला नकार दिला. गुन्हेगाराची बाजू घेऊन लढणं सोपं नसतं, लोकांची सहानुभूती मिळत नाही. तरीही या खटल्यानं काहीतरी हललं. २०१४मध्ये केनियात कैदेतल्या व्यक्तींसंबंधी जो कायदा झाला, त्यात इंटरसेक्स व्यक्तीची व्याख्या आली आणि आपली झडती स्त्रीनं घ्यावी की पुरुषानं, हे ठरवण्याचा हक्क त्या व्यक्तीला मिळाला.

२०१४ हे वर्ष लक्षात ठेवा. ट्रान्सजेंडर व्यक्तींना तृतीय लिंग म्हणून मान्यता देणारा आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा ‘नालसा’ निकाल त्याच वर्षी १५ एप्रिलला आला, आपल्या गौरी सावंत त्यातल्या एक याचिकाकर्त्या होत्या. केनियात त्याच वर्षी ट्रान्स मंडळींच्या बाजूनं दोन निकाल लागले आणि दोन्हींच्या मागे ‘ट्रान्सजेंडर एज्युकेशन अँड ॲडव्होकसी’ ही एकच संस्था होती. ऑड्री म्बुगुआ तिच्या प्रमुख. संस्थेची नोंदणीच होत नव्हती. संस्थाचालकांची नावं आणि लिंग यांचा प्रश्न पुढे करून नोंदणी मंडळानं अर्ज अडवून धरला होता. जुलैमध्ये कोर्टानं नोंदणी करायला लावली. नोंदणी नसेल तर बँकेत खातं निघत नाही, खातं नसेल तर देणगी घेता येत नाही. संस्था बंद पाडायला बंदीहुकूम लागत नाही, एक अर्ज दाबून ठेवला तरी पुरतो, हे आपल्याकडच्या संस्था चालवणाऱ्यांना मी वेगळं सांगायला नको.

दुसरा निकाल ऑक्टोबरचा, खुद्द ऑड्री यांच्या गुणपत्रिकेचा. शालान्त परीक्षेत त्यांना उत्तम गुण होते, पण प्रमाणपत्रावर जुनं पुरुषी नाव आणि पुरुष अशी खूण. नोकरीच्या मुलाखतीला गेल्यावर हे प्रमाणपत्र तुमचंच कशावरून, असं विचारलं तर काय दाखवणार? न्यायमूर्ती वेल्डन कोरीर यांनी परीक्षा मंडळाला नवं प्रमाणपत्र द्यायला सांगितलं, नाव बदलून आणि लिंगाची खूण काढून टाकून. त्यामागचा विचार साधा होता. गुण लिंगावरून दिलेले नाहीत, मग ती खूण काढल्यानं प्रमाणपत्राचं मोल कमी कसं होईल? मला हा या साऱ्या इतिहासातला सर्वांत शहाणा युक्तिवाद वाटतो. रकान्यात काय लिहायचं यावर सगळे भांडत होते, तेव्हा या निकालानं रकानाच कशाला हवा, असं विचारलं.

असाच डोळसपणा बोत्स्वानात दिसतो. तिथल्या ओळखपत्राला ओमांग म्हणतात. ते घरातून बाहेर पडताना विसरून चालत नाही, जागोजागी दाखवावं लागतं. दिसायला पुरुष आणि ओमांगवर स्त्री, असं असलेल्या एका ट्रान्स पुरुषानं कोर्टात धाव घेतली. सप्टेंबर २०१७मध्ये तो जिंकला. नवा कायदा करावा लागला नाही. नोंदलेल्या तपशिलात महत्त्वाचा बदल झाला तर तो दुरुस्त करण्याची तरतूद राष्ट्रीय नोंदणी कायद्यात आधीपासूनच होती. ती ट्रान्स माणसालाही लागू होते, एवढंच कोर्टाला दाखवायचं होतं. त्याच डिसेंबरमध्ये ट्रान्स स्त्री त्शेपो रिकी क्गोसिताऊ यांनीही तिथे असाच निकाल मिळवला.

दक्षिण आफ्रिकेची गोष्ट याच्या उलट आहे. तिथे कायदा होता आणि खिडकीवर अडत होतं. २००३च्या कायद्यानं लिंगनोंद बदलायची सोय केली. शस्त्रक्रिया ‘किंवा’ वैद्यकीय उपचार, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे, म्हणजे संप्रेरकांचे उपचार पुरेत. पण गृहखात्याच्या कार्यालयात माणूस गेला की समोरचा कर्मचारी शस्त्रक्रियेचाच दाखला मागायचा. २००५मध्ये केप टाउनमध्ये स्थापन झालेल्या ‘जेंडर डायनॅमिक्स’ या संस्थेनं वर्षानुवर्षं हेच सांगण्यात घालवली की साहेब, कायदा वाचा. त्यात तिथला ओळख क्रमांक १३ आकडी. त्यातले सातव्यापासूनचे चार आकडे लिंग सांगतात, ५०००च्या खाली स्त्री आणि त्याच्यावर पुरुष. नोंद बदलली की क्रमांक बदलतो आणि क्रमांक बदलला की बँक, पदवी, घर, सगळीकडे आपण आपणच आहोत हे नव्यानं सिद्ध करत हिंडायचं.

सॅली ग्रॉस यांचं नाव मात्र थोडं थांबून घ्यायला हवं. १९५३ सालचा जन्म, केप टाउनमधलं ज्यू कुटुंब, नोंद मुलगा म्हणून. वर्णद्वेषाविरुद्धच्या लढ्यात त्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसबरोबर होत्या, त्यापायी देश सोडावा लागला. पुढे इंग्लंडमध्ये डोमिनिकन पंथात कॅथलिक धर्मगुरू झाल्या. आपण इंटरसेक्स आहोत हे कळलं आणि त्यांनी स्त्री म्हणून जगायला सुरुवात केली, तेव्हा धर्मगुरुपद गेलं. मायदेशी परतल्यावर ओळखपत्रासाठी पुन्हा झगडा. या बाईंनी ‘इंटरसेक्स साउथ आफ्रिका’ ही संस्था उभारली आणि समानतेच्या कायद्यात एक छोटी दुरुस्ती घडवून आणली. लिंग या संज्ञेत इंटरसेक्सचाही समावेश होतो, असं २००५च्या दुरुस्तीनं कायद्यात आलं. कोणत्याही देशाच्या कायद्यात इंटरसेक्स व्यक्तींना भेदभावापासून मिळालेलं हे अगदी पहिल्या संरक्षणांपैकी एक. फेब्रुवारी २०१४मध्ये केप टाउनमध्ये, घरी एकट्या असताना त्या गेल्या. ज्यांच्यामुळे कायदा बदलला, त्यांच्या म्हातारपणाची काळजी घेणारी व्यवस्था चळवळींकडे नसते. याचं मला फार वाईट वाटतं.

युगांडात काम करण्याची रीतच निराळी ठेवावी लागली. ज्युलियस काग्ग्वा स्वतः इंटरसेक्स, मुलगी म्हणून वाढवलेले, मुलींच्या शाळेत शिकलेले. २००८मध्ये त्यांनी ‘एसआयपीडी’ ही संस्था सुरू केली. नावात जन्मजात व्याधींचा उल्लेख ठेवला, कारण त्या देशात आरोग्याची भाषा बोललात तरच गावात शिरता येतं. असं बाळ झालं की आईला शाप लागला, कुणी करणी केली असं म्हणतात, नवरा सोडून जातो, कधी बाळाचा जीवही घेतला जातो. म्हणून ही मंडळी सुईणी, गावातले वडीलधारे, धर्मगुरू आणि परिचारिकांकडे जातात. बाळाला घाईनं कापू नका, आईला घराबाहेर काढू नका, एवढंच आधी सांगायचं. तिथला २०१५चा नोंदणी कायदा तर म्हणतो की शस्त्रक्रिया होऊन लिंग बदललं आणि डॉक्टरनं तसं लिहून दिलं, तर बाळाची नोंद सुधारता येईल. म्हणजे कागद नीट हवा असेल तर आधी शरीर कापून घ्या! माझ्या मते असा कायदा नसलेला बरा. भरीला २०२३चा समलैंगिकताविरोधी कायदा. समलैंगिकतेचा ‘प्रसार’ केल्याबद्दल त्यात वीस वर्षांपर्यंत कैद आहे. प्रसार कशाला म्हणायचं हे पोलीस ठरवणार, तेव्हा माहितीपत्रक वाटणाऱ्यालाही हात आखडता घ्यावा लागतो.

नोव्हेंबर २०१७मध्ये आफ्रिकेतल्या इंटरसेक्स कार्यकर्त्यांची पहिली बैठक जोहान्सबर्गला भरली, ‘इरांती’ या संस्थेच्या पुढाकारानं. तिथल्या जाहीरनाम्यात संमतीविना होणाऱ्या शस्त्रक्रिया थांबवा ही मागणी तर होतीच, पण रूढी आणि धर्मसमजुतींपायी होणाऱ्या बालहत्या थांबवा, अशीही मागणी होती. मार्च २०२३मध्ये आफ्रिकन मानवाधिकार आयोगानं इंटरसेक्स व्यक्तींच्या हक्कांवर स्वतंत्र ठराव केला, क्रमांक ५५२. आफ्रिकन संस्थांनी आफ्रिकन आयोगाकडून मिळवलेला ठराव आहे हा. ‘हे सगळं पाश्चात्त्यांचं खूळ’ असं म्हणणाऱ्यांनी तो वाचावा. आणि खूळ बाहेरून आलंच असेल तर ते समलैंगिकतेला गुन्हा ठरवणाऱ्या कायद्यांचं. इंग्रजांनी भारतासाठी केलेली १८६०ची दंडसंहिता पूर्व आफ्रिकेत नेऊन लागू केली होती. १९३०मध्ये ती बदलली, पण ‘अनैसर्गिक’ संबंधांचं कलम केनियाच्या दंडसंहितेत अजून आहे.

पैशाचं दोन वाक्यांत सांगतो. पूर्व आफ्रिकेत २००९पासून ‘ऊहाई’ हा निधी आहे, तिथे अनुदान कुणाला द्यायचं हे कार्यकर्त्यांची समितीच ठरवते. ही पद्धत फार मोलाची आहे, पण परदेशी पैशावरचं अवलंबित्व सुटलेलं नाही आणि २०२५च्या सुरुवातीला अमेरिकेनं मदत गोठवल्यावर दक्षिण आफ्रिकेत ट्रान्स रुग्णांसाठी चालवलेले दवाखाने बंद पडले.

पुन्हा केनिया. ‘बेबी ए’च्या निकालानंतर २०१७मध्ये इंटरसेक्स व्यक्तींच्या प्रश्नांवर सरकारी कृती दल नेमलं गेलं. ऑगस्ट २०१९च्या जनगणनेत आफ्रिकेत पहिल्यांदा इंटरसेक्स असा पर्याय आला आणि १,५२४ माणसं मोजली गेली. पावणेपाच कोटींच्या देशात एवढीच? शेजाऱ्यांपासून लपवून वाढवलेल्या मुलाबद्दल दारात आलेल्या गणकाला कोण सांगेल? तरीही आकडा आला, अंदाजपत्रक मागायला आधार मिळाला. जुलै २०२२च्या बालहक्क कायद्यात इंटरसेक्स मुलाची व्याख्या आली आणि जनुकतज्ज्ञाच्या सल्ल्याशिवाय त्याचे अवयव बदलायला वा काढायला मनाई झाली. मुलाच्या स्वतःच्या संमतीची अट हवी होती, ती नाही. ‘इंटरसेक्स पर्सन्स सोसायटी ऑफ केनिया’सारख्या संस्थांना इथवर यायला किती रेटावं लागलं पाहा. कागदावर प्रश्नचिन्ह घेऊन जन्मलेलं ते बाळ तोवर तेरा वर्षांचं झालं होतं.

ट्रान्स प्रौढांसाठी मात्र असा कायदा झाला नाही. २०१९मध्ये एल्डोरेट इथे अटक झालेल्या एका ट्रान्स स्त्रीची तिच्या संमतीविना शारीरिक तपासणी केली गेली. ती कोर्टात गेली. ऑगस्ट २०२५मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानं तिला दहा लाख शिलिंग भरपाई दिली आणि ट्रान्स व्यक्तींच्या संरक्षणासाठी कायदा करा, नाहीतर इंटरसेक्स व्यक्तींसाठी तयार होत असलेल्या विधेयकात त्यांचा समावेश करा, असं सरकारला सांगितलं. आता मघाचा फरक पुन्हा पुढे येतो. इंटरसेक्स व्यक्तींसाठी कष्टानं तयार केलेल्या या मसुद्यात ट्रान्स प्रौढांना घातलं, तर विरोध वाढून दोघांचंही अडेल, अशी भीती आहे. वेगळा कायदा मागावा तर तो संसदेत मांडणार कोण? मला विचाराल तर विधेयकं दोन असावीत आणि संस्थांनी ती दोन्ही मिळून लढवावीत. पण हा निर्णय नैरोबीतल्या आणि एल्डोरेटमधल्या त्या माणसांचा आहे.