तीन ते सहा : शाळा सुटल्यानंतरच्या वेळेचा खर्च कोणी उचलायचा?

मित्रहो, सॅन फ्रान्सिस्कोमधल्या एका सार्वजनिक प्राथमिक शाळेत, शाळा सुटल्यानंतर चालणाऱ्या वर्गांचे संयोजन मी काही वर्षे केले. दुपारी घंटा झाली की काही मुले पालकांचा हात धरून घरी जात आणि उरलेली ऐंशी-पंच्याऐंशी मुले आमच्याकडे येत. हॉटेलांत खोल्या आवरणाऱ्या, रुग्णालयात पाळी करणाऱ्या, दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्या आयांची ती मुले. त्यांना खाऊ द्यायचा, गृहपाठ करून घ्यायचा, चित्रे काढू द्यायची, अंगणात खेळवायचे आणि सहा वाजता वहीत सही घेऊन घरच्यांच्या हवाली करायचे, असा आमचा दिनक्रम असे. बाहेरून पाहणाऱ्याला हे पाळणाघर वाटे. पण त्या तीन तासांना पैसे देणारे हात तीन-चार होते, आणि ते एकमेकांशी कसे बांधले गेले, हाच आजचा विषय आहे.

मुंबई-पुण्यात महापालिका स्वतःच शाळा चालवते, म्हणून आपल्याला आधी एक फरक समजून घ्यावा लागतो. सॅन फ्रान्सिस्कोत शहराचे प्रशासन आणि स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे सार्वजनिक शाळा चालवणारी संस्था, यांची हद्द एकच असली, तरी ती दोन स्वतंत्र सरकारे आहेत. महापौर वेगळा, शाळांचे निवडून आलेले मंडळ वेगळे, दोघांचे अंदाजपत्रकही वेगळे. शाळेच्या इमारती आणि मुले एकाकडे, तर उद्याने, ग्रंथालये आणि स्वयंसेवी संस्थांना अनुदान देण्याची यंत्रणा दुसऱ्याकडे. त्यातच 1978 साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ‘प्रपोझिशन 13’ (प्रपोझिशन म्हणजे थेट मतदानाला टाकलेला प्रस्ताव) मंजूर करून मालमत्ता कराचा मूळ दर एक टक्क्यावर बांधून टाकला. त्यानंतर स्थानिक संस्थांच्या हाती खेळता पैसा कमी राहिला, आणि जे काम कायद्याने कोणावरच बंधनकारक नव्हते, त्याला कात्री लागणे सोपे झाले. शाळा सुटल्यानंतरचे तास त्यातलेच. शहर म्हणे की हा शाळेचा विषय आहे, आणि शाळा म्हणे की आमचे काम घंटेबरोबर संपले.

1991 साली मुलांसाठी काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी हा पेच थेट मतदारांपुढे नेला. ‘प्रपोझिशन जे’ या नावाने शहराच्या सनदेत, म्हणजे शहराच्या मूळ कायद्यात, दुरुस्ती झाली आणि मालमत्तेच्या दर शंभर डॉलर करपात्र किमतीमागे अडीच सेंट मुलांच्या सेवांसाठी वेगळे काढायचे ठरले. नवा कर बसवला नाही. असलेल्या करातलाच हा वाटा होता. 2000 साली मतदारांनी तो तीन सेंटांवर नेला, तर 2014 साली टप्प्याटप्प्याने चार सेंटांपर्यंत वाढवून पंचवीस वर्षांची मुदत दिली. सोप्या हिशेबाने सांगायचे, तर दहा लाख डॉलर करपात्र किमतीच्या घरावर एक टक्क्याप्रमाणे दहा हजार डॉलर मूळ कर बसतो आणि चार सेंटांच्या दराने त्यातले चारशे डॉलर या निधीत जातात.

या दुरुस्तीतले मला सर्वात मोलाचे वाटणारे कलम मात्र सेंटांचे नाही. शहर आधीपासून मुलांवर जो खर्च करत होते, त्याची एक आधाररेषा ठरवण्यात आली आणि राखीव निधी मिळतो म्हणून तो जुना खर्च त्या रेषेखाली आणता येणार नाही, असे बंधन घालण्यात आले. सरकारी कचेरीत काम केलेल्यांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. नव्या लेखाशीर्षात रक्कम आली की जुन्यातली हळूच दुसरीकडे वळते, आणि वर्षाअखेर मुलांच्या पदरात होते तेवढेच राहते. ती वाट इथे आधीच बंद केली गेली.

दुसरा हात राज्याचा. 2002 साली अभिनेते आणि पुढे राज्याचे गव्हर्नर झालेले अर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी पुढाकार घेतलेले ‘प्रपोझिशन 49’ मंजूर झाले आणि 2006-07 पासून शाळोत्तर कार्यक्रमांसाठी दरवर्षी 55 कोटी डॉलर मिळू लागले. हा पैसा मतदारांनी बांधून दिलेला असल्यामुळे 2008 नंतरच्या मंदीत शाळांच्या इतर अनेक अनुदानांवर कुऱ्हाड चालली तेव्हाही तो टिकला. अटी मात्र चोख होत्या. शाळा सुटताच वर्ग सुरू झाले पाहिजेत, संध्याकाळी किमान सहापर्यंत चालले पाहिजेत आणि वीस मुलांमागे एक शिक्षक-सहायक असला पाहिजे. शिवाय राज्याच्या अनुदानाच्या एक तृतीयांश इतका वाटा स्थानिक पातळीवर उभा करायचा. आपल्याकडच्या पाणीयोजनांत लोकवर्गणी असते, तसाच हा प्रकार. या वाट्यात जागेची किंमत धरता येते, पण फक्त पाव हिश्शापर्यंत, म्हणजे नुसते वर्ग उघडून देऊन शाळेला आपला भार उचलल्याचे दाखवता येत नाही. सॅन फ्रान्सिस्कोत स्कूल डिस्ट्रिक्ट राज्याचे अनुदान आणते, शहराचा मुलांचा विभाग स्वयंसेवी संस्थांना पैसे देतो आणि ती संस्था शाळेत माणसे नेमते.

आता त्या अनुदानाचा दर पाहा. तेव्हा एका मुलामागे दिवसाला साडेसात डॉलर मिळत, म्हणजे वीस मुलांच्या गटाला दीडशे. सहायकाचे तीन-चार तासांचे वेतन, तयारीचा वेळ, साहित्य, विमा आणि संयोजकाचा पगार, सगळे त्यातूनच. हा दर 2006 पासून 2017 पर्यंत जागचा हलला नाही. त्याच काळात सॅन फ्रान्सिस्कोतले किमान वेतन ताशी 8.82 डॉलरवरून 14 डॉलरवर गेले. वेतन वाढले ते योग्यच झाले, कारण आमचे सहायक कॉलेजात शिकणारी, भाड्याच्या खोलीत राहणारी मुले होती. पण वाढीव खर्चाला राज्याचा दर पुरेना, आणि शहराचा निधी नसता तर आम्हाला एखादा गट बंद करून मुलांना प्रतीक्षायादीवर बसवावे लागले असते.

पैसा असूनही काम कसे अडते, हेही सांगते. एका वर्षी करारात ‘शाळेचे सभागृह उपलब्ध राहील’ एवढेच लिहिले होते. सफाई कामगाराची पाळी पाचला संपे, कुलूप लावण्याची जबाबदारी त्याचीच, आणि त्याच्या जादा तासाचे पैसे कोणी द्यायचे याचा उल्लेख कोठेच नव्हता. पावसाळी संध्याकाळ होती. पाच वाजून दहा मिनिटांनी दिवे मालवले गेले आणि आम्ही तीसेक मुलांना घेऊन प्रवेशद्वाराच्या छपराखाली उभे राहिलो. पहिलीतली एक मुलगी आपले ओले चित्र जॅकेटच्या आत धरून होती. आई बसमधून उतरेपर्यंत तिने ते बाहेर काढले नाही. त्या कामगाराचा मला राग आला नाही, कारण बिनपगारी तास त्याने का भरावा? पुढच्या करारात आम्ही त्याचा रोजचा सव्वा तास, किल्लीचा ताबा आणि तो रजेवर असताना बदली कोण, हे सगळे तपशिलाने लिहून घेतले.

दोन सरकारांतले संबंध नेहमी गोडीचे असतात, असेही नाही. 2020 च्या साथीत शाळांच्या इमारती बंद होत्या, तेव्हा शहराने त्या वर्षीच्या सप्टेंबरपासून उद्यानांच्या वास्तू, ग्रंथालये आणि संस्थांच्या जागा मुलांसाठी उघडल्या. गरजू घरांतली मुले तिथे बसून ऑनलाइन वर्ग करत. हे शक्य झाले, कारण संस्थांशी करार आणि पैसे देण्याची घडी आधीच बसलेली होती. त्यानंतर फेब्रुवारी 2021 मध्ये, शाळा उघडण्यावरून, याच शहराने याच स्कूल डिस्ट्रिक्टवर दावा दाखल केला. तरीही मुलांचा निधी थांबला नाही. तो कोणाच्या मर्जीवर सोडलेलाच नव्हता; सनदेत लिहिलेला होता.

2021 पासून राज्याने आणखी एक मोठा कार्यक्रम सुरू केला असून त्यात शाळा आणि शाळोत्तर वेळ मिळून दिवसाचे नऊ तास, आणि वर्षात सुट्टीचेही तीस दिवस धरले आहेत. पैसा आता पूर्वीपेक्षा पुष्कळ आहे. आपल्यापैकी कोणी अशा कार्यक्रमाची आखणी करत असेल, तर करार हाती घेऊन पहिल्यांदा त्यात संध्याकाळी सहाची किल्ली कोणाकडे आहे, ते शोधावे.